फोकस

गेल्या वर्षी एके संध्याकाळी मगरिबची नमाज झाली आणि मशिदीच्या पायऱ्यांवर आम्ही चपला शोधत होतो. आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, ते जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही तो फोर-के का काय म्हणतात, तो प्लेअर आणलात म्हणे. 28 हजारांचा. वसूल झाले का पैसे? माझा मुलगाही मागे लागलाय."

मी हसून विषय बदलला. एखाद्या वस्तूचे पैसे वसूल झाले की नाही, हे सांगायला खरं तर एक वाक्य पुरे. पण मला ते वाक्य सापडेना. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो, आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. तो हिशेब आज इथं मांडतो आहे.

सुरुवात अब्बांपासून करावी लागेल. माझे अब्बा सांगलीच्या एका थिएटरात ऑपरेटर होते. 1956 साली सतराव्या वर्षी ते मदतनीस म्हणून लागले आणि 1997 साली निवृत्त झाले. चाळीस वर्षं त्यांनी अंधारात, गरम यंत्रांच्या शेजारी काढली. त्या काळी दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या असत. त्या जळत, तसतशा एकमेकींजवळ सरकवाव्या लागत. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटांत संपे. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. प्रेक्षकांना त्या ठिपक्याचा पत्ताही नसे. मला मात्र अब्बांनी लहानपणीच तो दाखवून ठेवला होता, आणि त्यामुळे एकही चित्रपट मी पुरता रमून पाहू शकलो नाही.

अब्बांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता, फोकस. ते म्हणायचे, "हिरोइन का मुंह देख के फोकस नक्को बिठाव. दाणा देखो, दाणा." फिल्मवर चित्र उमटतं ते रसायनाच्या बारीक कणांमधून. ते कण पडद्यावर रवाळ दिसले, म्हणजे फोकस अचूक बसला. चेहरा गुळगुळीत दिसला, तर समजावं की काहीतरी चुकलंय. लहानपणी मला हे कळत नसे. साऱ्या जगाला गुळगुळीत चेहरा आवडतो आणि आमच्या अब्बांना दाणा आवडतो, याचं नवल वाटे.

घरात मात्र अब्बांना कधी चांगलं चित्र मिळालं नाही. ऐंशीच्या दशकात गल्लीत व्हिडिओ भाड्यानं आणायची पद्धत आली. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, एका रात्रीसाठी. चार घरं मिळून वर्गणी काढायची, अंगणात सतरंजी टाकायची आणि फजरपर्यंत जागायचं. दादी आधी कुरकुरायच्या, मग खिडकीशी स्टूल ओढून बसायच्या. अब्बा एखादी रात्र सुटीवर असले, तर दहा मिनिटं पाहून उठून जात. "धुंद है सब," एवढंच म्हणत.

ते खोटं नव्हतं. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या दिशेनं जेमतेम 240 रेषांचा तपशील मावे. पुढं नव्वदच्या दशकात व्हीसीडी आली. तिचं चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे 1 लाख ठिपके. एक चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागलेला. मग डीव्हीडी आली, 720 गुणिले 576, म्हणजे 4 लाखांहून थोडे जास्त. 2007 च्या सुमाराला एका भारतीय कंपनीनं 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा माझ्यासारख्या शिक्षकाच्या घरीही कपाटभर चित्रपट जमले. अब्बांनी डीव्हीडीला पहिल्यांदा "बरं आहे" म्हटलं. त्यांच्या तोंडून ही मोठीच दाद होती.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. आयर्विन पुलाजवळचं पाणी चढत गेलं आणि आमच्या गल्लीत छातीइतकं झालं. आम्ही अब्बांना घेऊन मिरजेला नातेवाइकांकडे गेलो. परत आलो तेव्हा कपाट आडवं पडलं होतं. डीव्हीडी चिखलात, जुना व्हीसीआर चिखलात, टीव्हीही गेला. माळ्यावर अम्मीची पत्र्याची पेटी होती, तेवढी कोरडी राहिली. पेटीत काय काय आहे हे तेव्हा कुणी उघडून पाहिलं नाही. घर धुवायचं होतं.

पुरानंतर घेतलेला टीव्ही 43 इंची, फोर-के होता. अब्बांच्या दिवाणासमोरच्या भिंतीवर तो लावला. वर्षभर बरं चाललं. मग 2021 च्या अखेरीपासून अब्बांची तक्रार सुरू झाली, "फोकस गया है रे." मी रिमोट घेऊन चित्राची सेटिंग चाळत बसे. शार्पनेस वाढवला, रंग कमी केले. "अब?" "नही. फोकसच नही." घरातलं इंटरनेट मधूनमधून मंदावे, तेव्हा चित्र खरंच धूसर होई. मला वाटलं, दोष तिथंच असणार.

मी विज्ञानाचा शिक्षक. कोणतीही गोष्ट विकत घेण्याआधी तिच्याबद्दल वाचायची मला खोड आहे. मी वाचू लागलो आणि गुंतत गेलो. सीडी वाचणाऱ्या लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी 780 नॅनोमीटर, डीव्हीडीची 650, आणि 2006 साली बाजारात आलेल्या ब्लू-रेची 405. लांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक, आणि तितक्याच तबकडीवर जास्त माहिती कोरता येते. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावतात आणि ब्लू-रेच्या एका थरात 25. चित्र 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांहून अधिक ठिपके. 2016 साली याच घराण्यातली फोर-के तबकडी आली. तिच्यात 83 लाख ठिपके आणि 100 जीबीपर्यंत जागा. नेटफ्लिक्ससारखी कंपनी फोर-के चित्रासाठी सेकंदाला 15 मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानते. तबकडीवरून हाच ओघ 128 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. फोर-के हे नाव दोन्हीकडे एकच, पण एकीकडे नळाची धार आणि दुसरीकडे पाट.

हे आकडे मी बेगमला मोठ्या उत्साहानं ऐकवले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "28 हजार. इसराफ नाही का हा?"

इसराफ म्हणजे उधळपट्टी. आमच्या घरात हा शब्द अम्मीच्या वेळेपासून आहे. नळ चालू राहिला तरी इसराफ, ताटात भात उरला तरी इसराफ. मी म्हणालो, "ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांना चांगलं चित्र दाखवलं, त्याला म्हातारपणी एक चांगलं चित्र दाखवणं हा इसराफ कसा?" माझं वाक्य मला फार आवडलं. बेगम काही बोलली नाही. निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी रक्कम काढली.

भाचा शारजाला नोकरीला आहे. 2022 च्या डिसेंबरात तो सुटीवर आला तेव्हा मशीन घेऊन आला. सोबत 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची फोर-के तबकडी त्यानं नानांसाठी भेट म्हणून आणली. हा 1962 चा चित्रपट अब्बांनी रविवारच्या सकाळच्या खेळाला चालवला होता, म्हणून.

मशीन जोडलं. आधी माझ्या नव्या-जुन्या डीव्हीडी लावून पाहिल्या. हिंदी चित्रपट चालले. दोन-तीन इंग्रजी चित्रपटांनी मात्र नकार दिला. पडद्यावर संदेश आला की तबकडीचा प्रदेश वेगळा आहे. डीव्हीडीसाठी कंपन्यांनी जगाची वाटणी केलेली आहे. भारत पाचव्या प्रदेशात, आखात दुसऱ्या. ब्लू-रेसाठी पुन्हा वेगळी वाटणी, भारत सी आणि आखात बी. फोर-के तबकड्यांना तेवढी ही सरहद्द नाही. भाचा म्हणाला, "मामू, माणसांना व्हिसा लागतो हे माहीत होतं. तबकड्यांनाही लागतो हे आज कळलं."

मग 'लॉरेन्स' लावला. मी श्वास रोखून अब्बांकडे पाहत होतो. वाळवंट आलं. सोनेरी, अफाट वाळवंट, वाळूवरची वाऱ्याची प्रत्येक रेघ वेगळी. मी स्वतः असं चित्र घरात कधी पाहिलं नव्हतं. अब्बा पाच मिनिटं पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच, जणू मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "अच्छा है बेटा. बस फोकस जरा..."

त्या रात्री मी पट्टी घेऊन बसलो. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात एका अंशाचा साठावा भाग इतकं अंतर लागतं. त्यावरून 43 इंची टीव्हीसाठी गणित मांडलं. डीव्हीडीच्या रेषा साधारण साडेदहा फुटांपलीकडे एकमेकींत मिसळतात. साध्या ब्लू-रेचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे मिसळतात, आणि फोर-केचे पावणेतीन फुटांपलीकडे. अब्बांचा दिवाण टीव्हीपासून दहा फुटांवर! म्हणजे 83 लाख ठिपक्यांपैकी बहुतेक ठिपके दिवाणापर्यंत पोचता पोचता एकमेकांत विरघळत होते. रंगांचा फरक उरतो, हे खरं. जुन्या तबकड्यांत प्रत्येक मूळ रंगाच्या 256 छटा, तर फोर-केत 1024. म्हणून आकाशात पट्टे दिसत नाहीत, सावलीतलं काळं खरंच काळं वाटतं. पण नुसत्या तपशिलासाठी म्हणाल, तर माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत मी पैसे पाण्यात घातले होते.

मी सकाळी उठून दिवाण पुढं सरकवायच्या तयारीत होतो. बेगम चहा घेऊन आली. अब्बांनी कपातला चहा बशीत ओतायला घेतला आणि तो बशीच्या कडेवरून चटईवर सांडला. तिनं फडक्यानं पुसलं. मग स्वयंपाकघरात आल्यावर मला म्हणाली, "आठवड्यात तिसऱ्यांदा झालं हे. मागच्या जुम्म्याला ते दुसऱ्याची चप्पल घालून आले. रात्री दिव्याभोवती कडं दिसतं म्हणतात. तुम्ही टीव्ही तपासलात, मशीन तपासलंत, खोली मोजलीत. त्यांचे डोळे कुणी तपासले?"

मी सदतीस वर्षं मुलांना डोळ्याची आकृती शिकवली. फळ्यावर भिंग काढलं, दृष्टिपटल काढलं. भिंग गढूळ झालं की मोतीबिंदू म्हणतात, हे तोंडपाठ सांगितलं. आणि माझ्याच घरात एक माणूस वर्षभर सांगत होता की फोकस गेलाय, आणि मी रिमोट दाबत होतो.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला, चांगली भिंग बसवायची तर, 26 हजार. मशीनच्या किमतीपेक्षा 2 हजार कमी! बाजूला ठेवलेले पैसे मशीनमध्ये गेले होते. भाचा देतो म्हणाला, तर अब्बा ऐकेनात. नातवाचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणाले. धर्मादाय रुग्णालयात कमी खर्चात होईल असं कुणी सुचवलं, तर तिथं नंबर लागायला वेळ होता. शेवटी माझ्या निवृत्तीच्या फरकाची रक्कम आली, तेव्हा 2023 च्या फेब्रुवारीत पहिला डोळा झाला. मशीनसाठी पैसे एका दिवसात निघाले होते. डोळ्यासाठी दोन महिने लागले. मधल्या दोन महिन्यांत अब्बा एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, अल्लाची कृपा. पण त्या आवाजानं मी अजूनही कधी कधी रात्री दचकून उठतो.

शस्त्रक्रियेला पंधरा-वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. अब्बांनी डोळे मिचकावले आणि खिडकीकडे पाहिलं. शेजारच्या गच्चीवर निळी ताडपत्री वाळत होती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. "येत्ता नीला?" म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की गढूळ भिंग पिवळट असतं, ते निळा रंग अडवतं. ते काढलं की लोकांना निळ्याचंच नवल वाटतं. रमजान ईद झाली आणि मे महिन्यात दुसरा डोळाही झाला.

त्यानंतरचा उन्हाळा आमच्या घरात सिनेमाचा होता. अब्बांनी स्वतःच खुर्ची ओढून टीव्हीपासून चार फुटांवर मांडली. 'लॉरेन्स' पुन्हा लावायला सांगितला. त्यात विहिरीजवळचं एक दृश्य आहे. क्षितिजावर मृगजळ थरथरतंय आणि त्यातून एक काळा ठिपका येतो. तो ठिपका हळूहळू उंटावरचा माणूस होतो. जुन्या डीव्हीडीवर तिथं नुसता डाग हलायचा. अब्बांनी मला गप्प राहायची खूण केली. ठिपका दिसला त्या क्षणी त्यांनी बोट उचललं, अगदी चेंजओव्हरला उचलायचे तसं. मूळ चित्रीकरण 65 मिलिमीटरच्या रुंद निगेटिव्हवर झालेलं, आणि ती निगेटिव्ह दुरुस्त करून फोर-केत उतरवलेली. त्यामुळे दाणासुद्धा होता. "दाणा है," अब्बा म्हणाले. मला वाटतं, त्या एका वाक्यासाठी मी हिशेबात निम्मे पैसे तरी जमेला धरावेत.

पण नवे डोळे म्हणजे नव्या तक्रारीही. 'मुघल-ए-आझम'ची रंगीत आवृत्ती लावली. मूळ चित्रपट 1960 चा, कृष्णधवल, शीशमहालचं गाणं आणि शेवटचा भाग तेवढा रंगीत. 2004 साली सगळाच रंगवून, सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत बसवून तो पुन्हा प्रदर्शित झाला. अब्बांनी हा चित्रपट किती खेळ चालवला याची गणती नाही. पाहता पाहता ते अस्वस्थ झाले. आधीचं सगळं काळं-पांढरं असायचं, म्हणून शीशमहाल आला की थिएटरात "हा..." असा आवाज उठायचा, म्हणाले. इथं पहिल्यापासूनच रंग, मग तो आवाज कुठून उठणार? शिवाय रुंद चौकटीसाठी चित्र वरून-खालून कापलेलं. ते त्यांना लगेच कळलं. एका दुसऱ्या जुन्या चित्रपटाच्या ब्लू-रेवर कंपनीनं यंत्राकडून दाणा पुसून काढला होता. तो पाहून अब्बा म्हणाले, "इन के मुंह मोम के कायकू दिखताय?" म्हणजे तबकडी कितीही दाट विणलेली असो, तिच्यावर काय उतरवलंय आणि कोणी उतरवलंय, यावर सारं अवलंबून. टीव्हीच्या जुन्या मालिका तर व्हिडिओ टेपवरच चित्रित झालेल्या. त्यांना 83 लाख ठिपके दिले तरी मूळचेच ठिपके मोठे होऊन दिसणार. आणि डीव्हीडीचं चित्र ताणून मोठं करण्याचं काम टीव्ही स्वतःही करतो. त्यासाठी वेगळं मशीन नको.

याउलट, चांगलं जपलेलं चित्र काय देऊ शकतं हेही मी पाहिलं आहे. 'गर्म हवा' 2014 साली दुरुस्त होऊन पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा मी मुंबईला जाऊन तो पाहिला होता. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झांची ती गोष्ट. बलराज साहनींचा चेहरा मोठ्या पडद्यावर आला आणि त्यावरची एकेक सुरकुती बोलू लागली. साहनी 1973 मध्येच वारले होते, चित्रपट प्रदर्शित होण्याआधी. एकेचाळीस वर्षांनी माझ्या शेजारी बसलेला विशीतला मुलगा डोळे पुसत होता. हा चेहरा मोमाचा झाला असता तर तो रडला नसता.

बँकवाल्या शेजाऱ्यांना द्यायचं व्यवहाराचं उत्तर इथपर्यंत तयार होतं. तुमचा टीव्ही 55 इंचांचा किंवा त्याहून मोठा असेल, तुम्ही पाच-सहा फुटांवर बसत असाल, आणि तेच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहण्याचं वेड असेल, तर घ्या. तबकडी एकदा घेतली की ती तुमची. कंपनीचा करार संपला म्हणून ती एका रात्रीत कपाटातून नाहीशी होत नाही. पण हेही लक्षात ठेवा की बाजार मावळतीला आहे. एका मोठ्या कोरियन कंपनीनं 2019 मध्ये हे प्लेअर नवे काढणं थांबवलं, दुसरीनं 2024 मध्ये. आपल्याकडे फोर-के तबकड्या दुकानात मिळत नाहीत, बाहेरून मागवाव्या लागतात, आणि एकेक तबकडी दोन-तीन हजारांना पडते. माझ्याकडे आजवर पाच जमल्या आहेत. मशीनची किंमत पाचांत वाटली तर हिशेब लाजिरवाणा होतो. आणि घरात कुणी साठीच्या पुढचं असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. हे शेवटचं वाक्य मला पहिलं लिहायला हवं होतं.

पण हिशेब इथं संपत नाही.

गेल्या हिवाळ्यात माळा साफ करताना अम्मीची पेटी खाली काढली. आत तिची दोन लुगडी, आपाच्या लहानपणाचं टोपडं, आणि तळाशी एक व्हीएचएस कॅसेट. आपाच्या लग्नाची, 1991 ची. अम्मी 1997 मध्ये गेली. तिचे फोटो चार-पाच आहेत. पण हलतीबोलती अम्मी जगात फक्त त्या कॅसेटमध्ये होती, आणि ती लावायला घरात काही नव्हतं. 28 हजारांच्या मशीनमध्ये तर कॅसेटसाठी भोकसुद्धा नाही.

कोल्हापुरात कॅसेट फाइलमध्ये उतरवून देणारा एक माणूस सापडला. तरुण मुलगा, कामाला चोख. टेपवर बुरशी चढली होती, ती त्यानं स्वच्छ केली. आठ दिवसांनी त्यानं पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाला, "काका, एक मूळ कॉपी आहे. आणि एक मी एआयनं फोर-के करून दिलीय. बघाच. त्याचे पैसे नकोत."

घरी सगळे जमले. आपा मुद्दाम इचलकरंजीहून आली. आधी साहजिकच फोर-के लावली. मांडव, माणसं, सगळं लख्ख. आणि मग रुखसतीच्या वेळी अम्मी आली. हातात शरबताचा ट्रे. कॅमेऱ्याकडे पाहून ती थबकते, पदर पुढं ओढते आणि बाजूला होते. उणीपुरी चाळीस सेकंदं. चेहरा स्वच्छ, कातडी नितळ, ओठ रेखीव. आपानं तोंडावर हात घेतला. मीही सुन्न झालो.

अब्बा चार फुटांवरून पाहत होते. म्हणाले, "ये कौन है?"

आम्हाला वाटलं, वयामुळे ओळखलं नाही. आपा म्हणाली, "अब्बा, अम्मी हैं ना." ते म्हणाले, "चेचक के दागां किधर गये?"

अम्मीला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर वण होते. आम्ही ते इतके पाहिले होते की ते आता आठवणीतही येत नसत. कॅसेटच्या 240 रेषांत ते नीट उमटलेच नव्हते. गालांवर नुसती एक सावली होती. यंत्राला ती सावली म्हणजे खराबी वाटली. जगातल्या लाखो चेहऱ्यांवरून त्यानं एक चेहरा बेतला आणि तिथं बसवला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला हे कळायला हवं होतं. जे टिपलंच गेलं नाही ते कोणतंही मशीन परत आणू शकत नाही. ते फक्त अंदाज करू शकतं, आणि अंदाज नेहमी मोमाचा असतो.

मग मूळ कॉपी लावली. धूसर, रंग सांडलेले, खाली एक पांढरी रेघ थरथरतेय. अब्बांनी खुर्ची उचलायला सांगितली. आम्ही ती मागं नेली. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. ते उठले आणि दहा फुटांवरच्या आपल्या जुन्या दिवाणावर जाऊन बसले. तिथून पाहिलं. अम्मी ट्रे घेऊन आली, थबकली, पदर ओढला. मागून तिचाच आवाज आला, कुणाला तरी पाणी द्यायला सांगणारा.

"फोकस नही," अब्बा म्हणाले. "मगर वोइच है."

ती चाळीस सेकंदं त्या दिवशी सहा वेळा लागली. पेन ड्राइव्ह मशीनलाच जोडलेला होता, म्हणजे त्या अर्थानं मशीन कामी आलं. पण तो तर टीव्हीलाही जोडता आला असता. नंतर आपानं ती फोर-के प्रत पुसून टाकायला सांगितलं. मी अजून पुसलेली नाही. का, ते मला सांगता येत नाही.

आता अब्बा 86 वर्षांचे आहेत. रोज दुपारी जुहरनंतर एखादा चित्रपट लावतात. चार फुटांवर बसून दाणा शोधतात, सापडला तर मला हाक मारतात. जुम्म्याच्या दिवशी मात्र खुर्ची बाजूला ठेवून दिवाणावर बसतात. मग काय लावायचं, हे आम्हाला विचारावं लागत नाही.

परवा पायऱ्यांवर बँकवाले शेजारी पुन्हा भेटले. "मास्तर, तुम्ही सांगितलंच नाही. घेऊ का प्लेअर?"

मी विचारलं, "तुमच्या आईंचं वय काय?"

"एक्याऐंशी. का हो?"

"त्यांच्या लग्नकार्याची एखादी कॅसेट असेल घरात, तर आधी ती शोधा," मी म्हणालो. "आणि उद्या सकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. प्लेअरचं आपण नंतर बोलू."